अर्धलीची कोंबडी

कोंबड्या पाळायला शिकवावं लागतं, हे ऐकलं की लोक आधी हसतात. माझी जाऊ तर अजून हसते. विष्णुपुरीला आमच्या घरी पाहुणे आले की मुद्दाम विषय काढते, "ह्यांना विचारा की काय करतात ते! कोंबड्यांची शाळा घेतात." पाहुणे माझ्याकडे बघून हसतात, मीही हसते आणि चहा टाकायला आत जाते. आत गेल्यावर मनातल्या मनात जाऊबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. चहात साखर मात्र बरोबर घालते.

माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली. तिथे मान होता तो म्हशीला, बैलाला. कोंबडी पदराखाली धरून एखादी बाई आली तर आमचा शिपाईच तिला बाहेरून सांगायचा, "हिला काय बघायचं? कापून खा, मोकळी हो." त्याचं काही चुकत नव्हतं, सगळ्यांचंच तसं मत होतं. घरात म्हैस घरधन्याची, बैल घरधन्याचे, शेळीवर दोघांचा हक्क, पण कोंबडी बाईची. अंडी विकून आलेले पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत जातात, त्याचा हिशेब नवरा विचारत नाही. तेवढाच काय तो बिनहिशेबी पैसा तिच्या जन्मात. म्हणून कोंबड्या मेल्या तर घरात कुणी जेवायचं थांबत नाही. बाई तेवढी चुलीपुढे गप्प बसून राहते. हे बघत बघत मी निवृत्त झाले, आणि नांदेडच्या एका संस्थेनं बायांसाठी वर्ग घ्याल का विचारलं तेव्हा एका पायावर तयार झाले. आज कुणी विचारलं असतं तर इतकी उडी मारली नसती.

वर्ग म्हणजे काय, ते सांगते. गावातल्या शाळेच्या ओसरीवर नाहीतर समाजमंदिरात वीस-पंचवीस बाया जमतात. पहिल्या दिवशी त्यांच्यापेक्षा पुरुष जास्त असतात, कारण गावात बातमी गेलेली असते की योजना आली. एकदा मुखेडकडच्या गावात एक पागोटेवाले आजोबा पुढच्याच रांगेत येऊन बसले. मी दोन तास घसा फोडून सांगितलं, त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं, आणि शेवटी हात वर केला. मला वाटलं, एक तरी माणूस मन लावून ऐकणारा भेटला. म्हणाले, "बाई, समदं बेस सांगितलं. पर शेडाचे पत्रे कव्हा येतेत?" पत्रे येणार नाहीत म्हटल्यावर उठले आणि काठी टेकत निघून गेले. त्यांच्यामागे सगळे पुरुष. दुसऱ्या दिवसापासून फक्त बाया, आणि मग खरा वर्ग.

त्यांना मी खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवायची हे शिकवत नाही. ते त्यांनाच मला शिकवता येईल. पिलांना सुरुवातीचे दिवस ऊब कशी द्यायची, लाईट गेली तर डालग्यात, म्हणजे पिलांवर पालथ्या घातलेल्या टोपलीत, राखेत दडपलेल्या निखाऱ्यांचं गाडगं कसं ठेवायचं, मडक्यात शेण आणि ओलं पोतं घालून ते पालथं मारलं की उधई, म्हणजे वाळवी, कशी धरते आणि ती पिलांना कशी फुकटात चारायची, असं सगळं सांगते. पण खरा धडा एकच, मानमोडीचा. कोंबड्यांची ही मर ज्यानं पाहिली त्याला नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतो, हिरवं-पांढरं हगतो, तोंड वासून श्वास घेतो आणि शेवटी मान पिळल्यासारखी पाठीवर जाते. एकदा लागण झाली की औषध नाही. लस आहे, पण ती आधी द्यायची. लहान पिलाला डोळ्यात थेंब, आणि ते दोनेक महिन्यांचं झालं की पंखाखाली सुई. लसीची बाटली बर्फात आणावी लागते आणि एकदा फोडली की बर्फ वितळायच्या आत संपवावी लागते. म्हणजे गावातल्या सगळ्या कोंबड्या एकाच सकाळी, खुराड्याची दारं उघडायच्या आत धरायच्या. एकदा सुटल्या की तुम्ही त्यांच्यामागे आणि गाव तुमच्याकडे बघून हसतंय.

आणि दुसरा नियम, बाहेरचा पक्षी अंगणात थेट सोडायचा नाही. बाजारातला असो, सोयऱ्याचा असो, दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्याखाली कोंडायचा. त्याचं पाणी वेगळं, दाणा वेगळा, आणि त्याला हात लावला तर राखेनं हात धुवायचे. एवढंच आहे बघा माझं शास्त्र. इतकं सोपं आहे की कुणालाही वाटावं, यात अपयश यायचं कारणच नाही.

अपयशाचे नमुने माझ्याकडे भरपूर आहेत. उदगीरकडे एकदा वर्ग झाला, बाया हुशार, मला "अक्का, अक्का" करून जीव टाकणाऱ्या. श्रावणात पिलं देऊ असं ठरलं. पण पिलांचे पैसे मार्च संपायच्या आत खर्च झाले पाहिजेत, असं वरून फर्मान आलं. मी म्हटलं, अहो, फागुन-चैताच्या उन्हात एवढी एवढी पिलं? तर म्हणे, मॅडम, ऊन काय, पंखे लावा की. पत्र्याच्या घरात, दिवसभर लाईट नसलेल्या गावात पंखे! कप्पाळ माझं! पिलं टेम्पोतून उतरली तेव्हाच अर्धी आडवी झालेली होती. बाया ओल्या फडक्यांनी त्यांना वारा घालत बसल्या. चार-आठ दिवसांत खेळ आटोपला. तिथली एक म्हातारी जाताना माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी देऊन म्हणाली, "अक्का, तुमी वाईट वाटून घिऊ नका." मला समजूत तिनं घालायची! बसमध्ये मी त्या शेंगा खाल्ल्याच नाहीत, तशाच घरी आणल्या.

त्यात निदान वरच्या माणसाला शिव्या देता येतात. चौत्राबाईच्या बाबतीत कुणाला द्याव्या, हे मला अजून कळलेलं नाही.

चौत्राबाई नायगाव तालुक्यातल्या एका गावची. तिथे समाजमंदिराची किल्ली सापडेना म्हणून वर्ग विहारात घेतला. वरच्या आळीच्या बाया पहिल्या दिवशी बाहेर लिंबाखाली बसूनच ऐकत होत्या, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशा एकेक करत आत आल्या. त्यांना आत ओढून आणलं ते चौत्राबाईनंच. "या की बायांनो, कोंबडी काय जात इचारती का?" असं तोंडावर म्हणाली. चाळिशीच्या आतली, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. मला ती पहिल्या दिवशीच आवडली. फटकळ माणसाला फटकळ माणूस बरं वाटतं.

ती आणि तिचा नवरा माणिक दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सहा महिने कारखान्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. मुलगी प्रज्ञा आजीजवळ गावात राहून शिकायची. मागच्या वर्षी आजी गेली. आणि आता प्रज्ञा दहावीला. आईबाप गेले तर वयात आलेली पोर घरी एकटी कशी ठेवायची? बरोबर न्यावी तर शाळा संपली. माणिक बिचारा भला माणूस, पण सरळ हिशेबाचा. तो बायकोला म्हणाला, "दसऱ्यापस्तोर बघू. तुह्या कोंबड्यांनी घर चालवलं तं ऱ्हावू हितंच. न्हाई चाललं तं कोयता हायेच." मुकादमही दसऱ्यापर्यंत थांबायला तयार झाला. थोडक्यात काय, त्या पोरीची दहावी कोंबड्यांवर लागली होती. चौत्राबाईनं हे मला दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं आणि वर म्हणाली, "म्हून म्या तुमचं समदं ध्यान देऊन ऐकून राहिले, मॅडम. बाकीच्या उगं टाइमपासला आल्यात."

तिनं खरोखर ऐकलं. आखाडात पिलं आली, पन्नासेक तिच्याकडे. तिनं डालग्याभोवती पोती बांधली, उधईची मडकी लावली, थेंब घालायच्या सकाळी गावातल्या घराघरांत हाकाटी करत फिरली. एका म्हातारीनं "आमच्या कोंबड्यांला नगं तुमचं सरकारी पानी" म्हटलं, तर तिच्या दारात ठिय्या मारून बसली आणि कोंबड्या धरवूनच उठली. बाजारातनं गावात कुणी कोंबडी आणली की हिचा पहारा. "कोंडली का न्हाई? दाव डालगं." बाया तिला मागे 'फौजदारीण' म्हणायच्या. मी गेले की प्रज्ञा मला एकेक पिलू धरून वजन दाखवायची. नर तर असे काही उठावदार झाले होते की तुरे बघत राहावेत. इतक्या वर्षांत मी मनाशी पहिल्यांदा म्हटलं, जमलं! आता माझ्या जावेला इथे आणून दाखवावं.

पिलांना थेंब देऊन झाला होता. त्याचं बळ हळूहळू ओसरतं, म्हणून पुढे सुई. सुईचा दिवस पोळा झाल्यावरच्या आठवड्यात ठरला होता.

इथे अर्धलीची चाल सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे बाईजवळ एखादी तलंग, म्हणजे अंड्यावर यायला आलेली कोवळी कोंबडी, जास्त झाली की ती विकत नाही. बहिणीला, भाचीला, मैत्रिणीला अर्धलीनं देते. कोंबडी देणारीची, दाणापाणी घेणारीचं, आणि जी पिलं निघतील ती निम्मी-निम्मी. कागद नाही, साक्षीदार नाही, सगळा इमानाचा कारभार. अर्धलीची कोंबडी मांजरानं नेली तरी उरलेले पंख जपून ठेवायचे आणि मालकिणीला दाखवायचे, नाहीतर "खाल्ली असंल" असं बोलणं येतं. आणि गावात मर आली, की स्वतःच्या कोंबड्यांचं काहीही होवो, लोकाची अमानत आधी जिवंत पोचती करायची. बाया तसं करतात. उन्हातान्हात, पाटीत घालून, बसमध्ये मांडीवर घेऊन पोचती करतात. आणि मर त्या कोंबडीच्या नाकातोंडातून तिच्याबरोबर जाते. मी दवाखान्यात असताना मोठे साहेब नकाशे लावून विचार करायचे की रोग या गावातून त्या गावात नेमका गेला कसा. अहो, त्या दोन गावांत कुणाची लेक दिली आहे ते विचारा, म्हणजे कळेल.

वर्गात मी हे सांगते. नेहमीच सांगत आले. बाया हसून माना डोलावतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, चौत्राबाईची धाकटी बहीण शेवंता आली. ती हिमायतनगरकडे दिलेली. दोन वर्षांपूर्वी हिनं तिला एक कोंबडी अर्धलीनं दिली होती. शेवंता आल्यावर चार दिवसांनी मला प्रज्ञाचा फोन आला, "मॅडम, लवकर या. पिल्लं माना वाकड्या करून राहिलेत."

मी मिळेल त्या बसनं गेले. अंगणात पाय ठेवला आणि मला काही विचारायची गरजच उरली नाही. भिंतीच्या सावलीला पिलं रांगेनं बसलेली, पंख लोंबलेले, डोळे मिटलेले. एक नर मान पाठीवर टाकून स्वतःभोवती गरगरत होता. तीन-चार मोठ्या कोंबड्या, ज्यांना आधीच सुई टोचलेली, त्या मात्र मजेत उकरत होत्या. चौत्राबाई माझ्याकडे धावत आली आणि तिनं माझा बर्फाचा डबा धरला.

"सुई द्या मॅडम. आत्ताच्या आत्ता द्या."

"चौत्राबाई, आता सुईचा उपयोग नाही. तुम्हाला माहिताय."

"ज्या बसल्या न्हाईत अजून त्यांला तरी द्या की!"

"त्यांच्याही अंगात गेलेलं आहे ते."

"द्या म्हनते ना! तुमचं काय जातंय?"

मी डबा सोडला नाही, तिनंही सोडला नाही. शेवटी प्रज्ञानं आईचे हात सोडवले. मी विचारलं, घरात बाहेरचं काय आलं? प्रज्ञा म्हणाली, "मावशी आल्ती." आणि कोपऱ्यातल्या डालग्याकडे बोट दाखवलं. त्याखाली शेवंताची कोंबडी मरून पडली होती.

माझं डोकंच फिरलं. संताप आवरेना. मी म्हटलं, "अहो, अख्ख्या गावाला कोंबड्या कोंडायला लावणाऱ्या तुम्ही! फौजदारीण तुम्ही! आणि हिमायतनगरची कोंबडी अंगणात सोडता? तुमच्या बहिणीनं सांगितलं नव्हतं का तिकडे मर आलीय म्हणून?"

"सांगितलं की. दारातच सांगितलं. रडून राहिली ती."

"मग?"

"मग काय मग! तिच्या घरच्या समद्या मेल्या, मॅडम. खड्डा करून पुरल्या तिनं. ही एकच जित्ती ऱ्हायली, आन ती निघाली माही. तिनं ठिवून घेतली असती, मेली म्हनली असती, तं म्या काय बघाय जानार होते का? पर न्हाई. लेकरू काखंला मारून, ही पाटीत घिऊन, दोन बसा बदलून आली, का ताईची अमानत हाय. आन म्या काय करू? तिच्या म्होरं त्या कोंबडीवर डालगं पालथं घालू? तुह्या घरची घान हितं नगं म्हनू?"

"एका दिवसाच्या लाजेचा तर प्रश्न होता!"

"ती दोन दिस ऱ्हायली," चौत्राबाई म्हणाली. "ती गेली तशी लगीच कोंडली म्या. फाटकाच्या भाईर बी गेली नसंल ती, तवर कोंडली."

दोन दिवस ती कोंबडी पिलांत दाणे टिपत होती, त्यांच्याच परळात पाणी पीत होती, आणि ही फौजदारीण ओसरीवर बहिणीपुढे हसत-बोलत बसली होती. सगळं माहीत असून. नजर त्या कोंबडीवर, तोंडात बहिणीच्या घरची चौकशी. तिचे ते दोन दिवस कसे गेले असतील, हे नंतर माझ्या मनात आलं. त्या वेळी मी फक्त ओरडले. "अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही," असंही काहीतरी बोलले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, एवढंच ती पुटपुटली आणि खड्डा खणायला कुदळ शोधू लागली.

चुना टाकून आम्ही तिघींनी खड्डा भरला. गावात पुढच्या आठवड्यात आणखी बऱ्याच घरांत मर फिरली. ज्या बाया तिला फौजदारीण म्हणायच्या त्यांना आता तोंड फुटलं, आणि त्यांचंही कुठे चुकत होतं? पण गंमत बघा. त्यांच्याही घरी ज्या अर्धलीच्या कोंबड्या होत्या त्या त्यांनी त्याच आठवड्यात ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. कुणी बिलोलीकडे, कुणी देगलूरकडे. मी दारोदार हात जोडत फिरले, नेऊ नका, इथेच मरू द्या. एक बाई म्हणाली, "मॅडम, कोंबडी मरंल, पर नाव ऱ्हाईल ना." माझ्याकडच्या वर्गाच्या तक्त्यांत फक्त पक्ष्याची आतडी कशी दिसतात ते आहे.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघाली. मी मुद्दाम गेले होते, प्रज्ञाला वर्षभर माझ्याकडे ठेवते म्हणायला. विष्णुपुरीला शाळा आहे, मला एक खोली जास्तीची आहे, काय अडलं होतं? माणिक हात जोडून म्हणाला, "तुमचे उपकार हायत, पर लोकाच्या घरी पोर ठिवली म्हनतेल." चौत्राबाई ट्रकमध्ये भांडी चढवत होती. प्रज्ञानं पुस्तकांची पिशवी मांडीवर घेतली होती. शाळेच्या सरांनी परीक्षेला पोरीला आणा म्हणून बजावून सांगितलं होतं, आणि "आनू की," असं दोघांनीही कबूल केलं होतं. ट्रक हलला तशी पोरीनं मला हात केला. मला रडू आलं, आणि माझा मलाच राग आला, कारण रडून काय उपयोग?

परीक्षेला ती आली नाही. पाडव्यानंतर टोळी परतली, त्यातही ती नव्हती. मला ते कळलं जेठात, त्याच गावात नवा वर्ग लावला तेव्हा. कारखान्यावर टोळीतल्याच दुसऱ्या गावच्या एका मुलाशी तिचं लग्न लावून दिलं होतं. त्या पोराला जोडी नव्हती, म्हणजे कोयता होत नव्हता. आता झाला. मी चौत्राबाईला तोंडाला येईल ते बोलले. पोरीचं वय काढलं, कायदा काढला, पोलिसांत जाते म्हणाले. माझा श्वास संपल्यावर ती म्हणाली, "कोपीला दार नसतं, मॅडम. जवान पोर घिऊन तिथं सा महिने निजून बघा, मग मला शिकवा."

मी शिकवायचं थांबवलं पाहिजे, असं त्या दिवशी फार वाटलं. ज्या बाईनं माझा धडा सगळ्यात चांगला पाठ केला, तिच्याच अंगणात तो पडला, आणि पडला तो तिच्या वाईटपणामुळे नाही. बहीण खोटं बोलली असती तर पिलं वाचली असती. हिनं बहिणीचा अपमान केला असता तर पोरीची दहावी झाली असती. लोकांना खोटं बोला, अपमान करा, असं शिकवायचं का मी आता? रोगाची लस निघाली, याची कुठे निघायची?

बाया येऊन बसल्या होत्या. चौत्राबाई पुढच्या रांगेत, नेहमीच्या जागी. मी तक्ते लावत होते तेवढ्यात ती उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, औंदा पिल्लं कव्हा येतेत?"

"आखाडात. का?"

"तलंगा झाल्या की दोन पोरीला देईन म्हनते. अर्धलीनं."

"चौत्राबाई, एवढं सगळं होऊन परत अर्धल?"

"नुसतं पोरीला बघाय गेलं तं तिची सासू म्हनती, कामून आल्या? मागच्या टायमाला दारातूनच वापस लावून दिलं. पानी बी इचारलं न्हाई. वाटा बघाय गेलं तं कोन काय म्हनंल? आपली कोंबडी हाय, आपुन बघाय जानार. पोरगी कोंबडी धरून आनंल, तेवढ्यात दिसंल तरी मला."

"आणि तिकडे मर आली तर?"

चौत्राबाईनं पदरानं तोंड पुसलं. मागे बाया आहेत का ऐकायला, ते एकदा वळून बघितलं.

"आली तं आली," ती म्हणाली. "मर आली तं कोंबडी वापस द्यायला पोरीला यावंच लागंल की. लोकाची अमानत घरात मरू द्यावी, असं तिची सासू बी म्हननार न्हाई. दोन दिस ऱ्हाईल."

ती जागेवर जाऊन बसली. मी मानमोडीचा तक्ता उलगडून भिंतीला लावला आणि बायांना सांगायला सुरुवात केली, की बाहेरची कोंबडी आली तर तिला आधी लांब, वेगळ्या डालग्याखाली कोंडायचं.